स्पाइकटेलची पिल्ले तिसऱ्या आठवड्यानंतर दगावतात : मदत हवी आहे

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहतो आणि स्पाइकटेल पॅराडाइज फिश, म्हणजे स्यूडोस्फ्रोमेनस कुपॅनस, हा दक्षिण भारतातील संथ पाण्यात, डबक्यांत व भातखाचरांत आढळणारा बोटभर लांबीचा रानटी मासा पाळतो. दुकानातल्या रंगीत फायटर माशापुढे तो कोणालाही फिकाच वाटेल, पण विणीच्या वेळी मादी काळीभोर होते, ते एकदा पाहिले की हा मासा सोडवत नाही.

वीण होण्याची अडचण नाही. बदामाच्या वाळलेल्या पानांनी तांबूस झालेल्या पाण्यात नर पालथ्या करवंटीच्या आत, वरच्या बाजूला फेसाचे घरटे बांधतो. खाली घसरणारी अंडी तोंडात धरून पुन्हा फेसात चिकटवतो. साधारण दोन दिवसांत अंडी फुटतात, पुढे काही दिवसांनी पिल्ले मोकळी पोहू लागली की मी नर-मादीला दुसऱ्या टाकीत हलवतो. आधी इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि मग ताजा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव), असे खाणे असते.

तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र काही पिल्ले संध्याकाळी पृष्ठभागाशी सुस्त दिसतात आणि सकाळी मेलेली आढळतात. मेलेल्यांच्या पोटात आर्टेमियाचा नारिंगी रंग स्पष्ट दिसतो, तेव्हा उपासमार हे कारण मला पटत नाही. वेल्व्हेट या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची शंका म्हणून अंधारात टॉर्चचा तिरपा उजेड टाकूनही पाहिले. अंगावर सोनेरी भुकटी दिसली नाही. दुकानदाराने अँटिबायोटिक सुचवले आहे, पण कारण कळल्याशिवाय पाण्यात औषध ओतण्याच्या मी विरुद्ध आहे.

माझा संशय हवेवर आहे. याच सुमारास पिल्लांचे लॅबिरिंथ इंद्रिय (थेट हवेतून श्वास घेण्याचा अवयव) तयार होऊ लागते आणि ती वर येऊन हवा घेऊ लागतात. हीटरमुळे पाणी २६ अंशांवर असते, परंतु आमच्याकडे थंडीतल्या रात्री खोलीतील हवा बरीच गार होते आणि झाकणाला वायरींसाठी ठेवलेल्या फटीतून ती आत येते. ही गार हवा घेतल्यानेच पिल्ले दगावत असावीत, असे मला वाटते.

आजरा, चंदगड किंवा बेळगाव भागात ज्यांनी थंडीत लॅबिरिंथ माशांची पिल्ले वाढवली आहेत, त्यांनी झाकण कसे बसवले? फटी प्लॅस्टिकने पूर्ण बंद केल्यास स्पंज फिल्टरची मंद हवा पुरेशी ठरते का? की वीण सरळ उन्हाळ्यावर ढकलावी? पाण्याची मापे हवी असल्यास कृपया सांगावे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि अमोनियाचा किट दोन्ही हाताशी आहेत.