‘त्या मुलाला त्याच्या योग्य ठिकाणी पाठवा’ म्हणणाऱ्या पालकांना

मृणाल_नाशिक
पालकांच्या एका ग्रुपवर फिरत फिरत एक लांबलचक पोस्ट माझ्यापर्यंत आली. मुलगी तिसरीत. वर्गात ऑटिझम असलेला एक मुलगा आहे, तो मध्येच उठतो, ओरडतो, बाई त्याच्यामागे धावतात आणि ‘आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो’. शेवटी मागणी अशी, की शाळेने अशा मुलांना ‘त्यांच्या योग्य ठिकाणी’ पाठवावं. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, पाचवीत आहे, साध्या मराठी शाळेत साध्या वर्गात आहे. पहिलीत तोही ओरडायचा. कारण होतं घंटा. वर्गाच्या दाराशीच लोखंडी तुकडा टांगलेला, त्यावर शिपाईमामा हातोडा मारायचे. शहर साधन केंद्रातून (शाळांना मदत करणारं शिक्षण विभागाचं केंद्र) येणाऱ्या विशेष शिक्षिकेने ते ओळखलं. तिने त्याच्या बाकावर चित्रांच्या पट्ट्या चिकटवल्या : परिपाठ, मराठी, डबा, गणित, खेळ. तास संपत आला की वर्गाच्या बाई त्याच्या बाकावर बोटाने दोनदा टकटक करायच्या. तो पट्टी उलटी करायचा, कान झाकायचा, मग घंटा व्हायची. दिवाळीपर्यंत ओरडणं थांबलं. खर्च काय आला? पुठ्ठा आणि चिकटपट्टी. पण ते कळणारं माणूस शाळेत यावं लागलं.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश द्या आणि लागेल तो आधार द्या, असं कलम 16 सरळ सांगतं. तुमची मुलगी मागे पडत असेल तर तुमचा राग खरा आहे. तो शाळेच्या व्यवस्थापनावर काढा, शिक्षण विभागावर काढा. एका बाईंच्या हवाली 45 मुलं करून दुसरं माणूस न देणारे ते आहेत. आठ वर्षांच्या पोरावर कसला काढता?

प्रशांत_क
ती पोस्ट माझी नाही, पण मीही लिहिली असती. माझ्या मुलीच्या दंडावर दातांचे वण होते. दुसऱ्यांदा झालं तेव्हा ती शाळेत जायला रडायला लागली. मुख्याध्यापकांकडे गेलो तर म्हणाले, ‘सांभाळून घ्या, तो स्पेशल आहे.’ म्हणजे माझ्या मुलीने सहन करायचं आणि मी तक्रार केली की मी दुष्ट.

तुमच्या मुलाला जाणकार बाई मिळाल्या, आनंद आहे. आमच्या शाळेत तशा नाहीत. व्यवस्था सुधारेपर्यंत काय करायचं ते सांगा. कायद्याची कलमं मला नकोत.

मृणाल_नाशिक
चावला तर ते थांबलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण तो कधी चावतो हे कोणी पाहिलं का? रांगेत? डब्याच्या वेळी? कोणी मागून ढकलल्यावर? ज्या मुलाला बोलून ‘नको’ सांगता येत नाही, ते दाताने सांगतं. ते वाचणारं माणूस वर्गात नाही, हीच तर तक्रार आहे.

प्रशांत_क
माझ्या मुलीलाही ‘नको’ म्हणायचा हक्क आहे. तिचं कोण वाचणार?

गुरुजी_सातारा
दोघांचं वाचलं. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी ते पाचवी माझ्याकडे. तीन वर्ग एकाच खोलीत बसतात. त्यात पोषण आहाराची नोंद, बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, सर्वेक्षण आणि रोज नवी ऑनलाइन माहिती ‘आजच भरा’. परवा ताईंनी विचारलं की तो कधी चावतो हे कोणी पाहिलं का. ताई, फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे काय चाललंय हेच मला दिसत नाही.

तरी मी मुलांना बाहेर काढा म्हणणाऱ्यांतला नाही. आमच्याकडे सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) एक मुलगी होती. डोकं तल्लख, पाढे तोंडपाठ. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीत, ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद. रॅम्प खरंच आहे. पण तो जिथे संपतो तिथे व्हरांड्याची वीतभर उंच पायरी आहे, आणि स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे. रॅम्पचा उतार एकास बारा हवा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. आमचा इतका खडा, की चाकाची खुर्ची वर न्यायला दोन माणसं लागत. तिची आई मजुरी सोडून दुपारी यायची, केवळ तिला लघवीला न्यायला. आईचा खाडा झाला की पोर दिवसभर पाणी प्यायची नाही. कायदा करणाऱ्यांनी ते बघायला यावं.

फिरती_शिक्षिका
मृणालताईंनी जिचा उल्लेख केला तसंच काम मी करते, दुसऱ्या जिल्ह्यात. करारावर नोकरी करण्यात तरुणपण गेलं. दर वर्षी मुदतवाढीचं पत्र येईपर्यंत पगार अडकायचा. माझ्याकडे आख्ख्या तालुक्यातल्या शाळा. एका मुलाकडे आज गेले की परत कधी जाईन, ते एसटी आणि बैठका ठरवतात.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्येच प्रमाण सांगितलंय : प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे 15 मागे एक. राज्याने ऑक्टोबर 2024 मध्ये विशेष शिक्षकांच्या 4860 पदांना मान्यता दिली, म्हणजे शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरा. मी त्या निर्णयासाठी मोर्चात चालले आहे, त्यामुळे त्याला कमी लेखणार नाही. पण मृणालताई म्हणतात तसं रोज वर्गात दुसरं माणूस त्यातून मिळणार नाही.

शैला_मावशी_मुंबई
आता माझं ऐका, मग रागवा. माझा मुलगा जन्मापासून बहिरा. आम्हीही हौसेने साध्या शाळेत घातला. पहिला बाक, कानाला मशीन. चौथीपर्यंत बाईंच्या ओठांकडे बघत बसला. बाई फळ्याकडे वळल्या की तास संपला त्याच्यासाठी. प्रगतिपुस्तकात ‘शांत, शिस्तप्रिय’. तो शांत होता कारण त्याच्याशी कोणी बोलतच नव्हतं!

शेवटी कर्णबधिरांच्या शाळेत घातला. पहिल्या आठवड्यात घरी आला तो हातवारे करत, भांडणाच्या गोष्टी सांगत. पहिल्यांदा त्याचं कुणाशी तरी भांडण झालं होतं, कारण पहिल्यांदा त्याला कुणीतरी भाषेने उत्तर दिलं होतं. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा 1885 पासून आहे, दादरची अंध मुलींची शाळा 1900 पासून. ही घरं उगाच उभी राहिली नाहीत. ‘समावेशन’ म्हणत या शाळांचं अनुदान रखडवायचं, पदं भरायची नाहीत, हे मला दिसतंय. मृणाल, तू विशेष शाळेचं नाव शिक्षा म्हणून घेतेस, ते मला लागलं.

मृणाल_नाशिक
मी शिक्षा म्हटलेलं नाही. त्या पोस्टमध्ये तसं म्हटलंय.

शैला_मावशी_मुंबई
शब्द त्यांचा, पण तूही तो तसाच उचललास. ‘योग्य ठिकाण’ कधीकधी खरंच योग्य असतं. कलम 31 नीट वाच : 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, शेजारच्या शाळेत *किंवा* आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत. निवड पालकांची आहे.

मृणाल_नाशिक
बरोबर, निवड पालकांची. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या बाबांची नाही. आणि सांकेतिक भाषा येणारा शिक्षक साध्या शाळेत असता तर तुम्ही मुलाला हलवलं असतं का?

शैला_मावशी_मुंबई
एक शिक्षक पुरत नाही गं. त्याच भाषेत खोड्या काढणारी दहा पोरं लागतात.

प्रा_देसाई
या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती म्हणजे सवलतींचा बाजार. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. अकरावीला येईपर्यंत ज्याला काही नव्हतं, त्याच्याकडे बारावीच्या तोंडावर अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र येतं. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जास्त, वर उत्तरं लिहून देणारा लेखनिक. आणि ही मुलं बहुतेक चांगल्या सोसायट्यांतली. खऱ्या गरजूंचा हक्क मारला जातो. आधी हे थांबवा, मग समावेशनाच्या गप्पा.

श्रीधर_बँकवाले
मी पूर्ण अंध आहे, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर हे लिहितोय. लेखनिक म्हणजे काय ते सर तुम्हाला माहीत नाही. दहावीला मला नववीचा मुलगा मिळाला. बीजगणिताच्या पेपरात मी ‘कंसाचा वर्ग’ म्हणालो, त्याने कंस घातलाच नाही. मला दिसणार कसं? त्याला लिहिलेलं परत परत वाचायला लावलं, त्यात तुमची ती 20 मिनिटं गेली. भूमितीची आकृती त्याने काढली तशी काढली. मार्क गेले ते माझे. आणि आदल्या रात्रीपर्यंत लेखनिकच ठरलेला नव्हता, कारण नववीच्या पोरांचे आईबाप त्यांना सोडत नाहीत. याला बाजार म्हणता?

प्रा_देसाई
तुमच्याबद्दल बोललो नाही. अंधत्व दिसतं. मी न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय.

श्रीधर_बँकवाले
दिसत नाही म्हणून नाही? हे तुम्ही मला सांगताय!

वर्षा_ठाणे
सर, माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता. आमची सोसायटीही चांगली आहे, म्हणा काय म्हणायचं ते. सहावीपर्यंत तिला ‘आळशी’ म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाच्या चकरा : कान तपासा, डोळे तपासा, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, प्रत्येकाची तारीख वेगळी. उशीर झाला तो रांगेमुळे. बारावीच्या तोंडावर कागद हातात पडला म्हणजे आजार त्या दिवशी सुरू झाला का? 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात अध्ययन अक्षमता नव्हती, ऑटिझमही नव्हता. 2016 मध्ये 21 झाले. तोवरच्या मुलांना सगळ्यांनी ‘ढ’ म्हणून सोडून दिलं.

प्रा_देसाई
तुमच्या मुलीचं वाईट वाटतं. पण खोटी प्रमाणपत्रं निघतात हे तुम्ही नाकारू शकत नाही. नोकरीत, बदलीत खोटं अपंगत्व दाखवणारे वर्तमानपत्रात रोज येतात.

फिरती_शिक्षिका
सर, चोर पकडा, आम्ही टाळ्या वाजवू. पण माझ्या तालुक्यातली गोष्ट ऐका. पाचवीतला मुलगा, गणितात पहिला, वाचताना ‘कमळ’चं ‘मकळ’. संशय मला येतो, पण चाचणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, बापाची मजुरी बुडवून, तीही एकापेक्षा जास्त वेळा. बाप नाही म्हणाला. त्याचा कोणता हक्क सोसायटीतल्या मुलीने मारला? त्याच्यापर्यंत तपासणीच पोचली नाही. आणि 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी लिहायला खरी अडचण असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही. ‘गैरवापर होईल’ हा युक्तिवाद तिथेही झाला होता, न्यायालयाने तो मानला नाही.

प्रा_देसाई
तपासणी गावापर्यंत न्यावी, हे मान्य. लेखनिकांची यादी शिक्षण मंडळाने स्वतः ठेवावी, श्रीधररावांसारख्यांना शोधत फिरायला लागू नये, हेही मान्य. प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीचा मुद्दा मी सोडत नाही.

श्रीधर_बँकवाले
फेरतपासणी करा. फक्त आम्हाला दर वेळी त्याच रांगेत उभं करून ‘अजून अंधच आहात ना’ असं विचारू नका.

गुरुजी_सातारा
मंडळी, निम्मा धागा लेखनिकात गेला. तिसरीतल्या त्या पोराचं काय?

प्रशांत_क
तेच म्हणतो. मृणालताई, तुमचं एक म्हणणं पटलं नाही तरी पोचलं : मुख्याध्यापकांनी मला ‘सांभाळून घ्या’ म्हणून वाटेला लावलं आणि त्या मुलाच्या आईलाही बहुतेक तेच सांगितलं असणार. फी घेताना मात्र दोघांकडून पूर्ण घेतली. मी लेखी देतो. काय मागायचं ते सांगा. पण त्यात माझ्या मुलीचा दंड येणार.

मृणाल_नाशिक
यायलाच हवा. तारखेसकट लिहा.

फिरती_शिक्षिका
अर्ज मुख्याध्यापकांना, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शहरात असाल तर पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना. मागा : त्या मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, विशेष शिक्षकाची भेट कोणत्या दिवशी ती तारीख, वर्गात मदतनीस, आणि शांत व्हायला एक वेगळा कोपरा. ‘मुलाला काढा’ हे वाक्य घालू नका, त्याच वाक्यावर शाळा बाकीचा अर्ज बाजूला ठेवते. जमलं तर त्याच्या आईचीही सही घ्या.

प्रशांत_क
आमचं बोलणं बंद आहे. ग्रुपवर बरंच काही बोलून झालंय, दोन्ही बाजूंनी. सहीचं बघतो. मदतनिसाचा पगार शाळेने त्या आईच्या माथी मारला तर?

मृणाल_नाशिक
मारतीलच. माझ्या ओळखीतल्या आया शाळेच्या फीएवढेच पैसे शॅडो टीचरला, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसणाऱ्या मदतनिसाला, देतात, काहींनी नोकरी सोडून स्वतः मागच्या बाकावर बसायला सुरुवात केली. म्हणून मागणी शाळेकडे आणि लेखी.

शैला_मावशी_मुंबई
आणि अर्जात हेही विचारा, की पालकांना विशेष शाळा हवी असेल तर जवळची कोणती आणि तिथे जागा आहे का. दडपण नको, पण माहिती तर द्या.

मृणाल_नाशिक
हे घाला. माहिती द्यायला माझी हरकत नाही, फक्त ती शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर हातात ठेवू नये.

गुरुजी_सातारा
फिरत्या ताई, माझाही एक प्रश्न. ती पाल्सीची मुलगी यंदा आठवी पास झाली. हायस्कूल पुढच्या गावात, एसटीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्या वर. प्रवासभत्ता मंजूर होईल, पण त्या पैशात रिक्षावाला रोज येत नाही. घरून शिक्षण घ्यायला सांगतायत. मुलीला शाळेतच जायचंय.

फिरती_शिक्षिका
घरून शिक्षणाला लगेच सही करू देऊ नका. ते अतितीव्र अपंगत्वासाठी आहे, एसटीच्या पायरीसाठी नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि आठवीची गुणपत्रिका तयार ठेवा, त्या गावातून हायस्कूलला जाणारी आणखी मुलं किती ते विचारून ठेवा. सगळ्यांची मिळून एक गाडी मागता येते का, ते सोमवारी पंचायत समितीत बसून बघू.