आधी कापावे, मग भरावे
साच्याने कापताना सँडविचच्या कडा फाटतात आणि सारण बाहेर येते, या नेहमीच्या तक्रारीवर माझा उपाय असा, की शोकुपान या मऊ जपानी पावाच्या कडा काढून, तो लाटण्याने हलकेच दाबून आकार आधी कापावा आणि सारण नंतर भरावे. बेंतोतील, म्हणजे जपानी पद्धतीच्या जेवणाच्या डब्यातील, सशाच्या आकाराच्या सँडविचच्या डोळ्यांसाठी खास अवजार लागत नाही. शीतपेयाच्या नळीने चीजच्या कापातून गोल टिकल्या सहज निघतात, त्यांवर कात्रीने कापलेला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याचा) ठिपका ठेवावा. मात्र सारणातील काकडीला मीठ लावून, पिळून, टिपून घेतले नाही तर दुपारपर्यंत पाव ओला होतो; माझ्या पहिल्या सशाचे कान असेच गळाले. उरलेल्या कडा जपानमध्ये तळून साखरेत घोळवतात, आणि आमच्याकडे डबा भरण्याआधीच त्या संपतात.