कारल्याचं बी व्हॅक्यूमच्या डब्यात भिजवलं तर उगवेल का?

गच्चीवाली (ऐरोली): मागच्या वर्षीचं बी, १० टाकली तर २च वर आली, बाकीची उकरून बघितली तर तशीच दगडासारखी. घरी हातपंपाचा व्हॅक्यूम डबा आहे, त्यात पाणी घालून ठेवू का? कोणी केलंय?

घणसोलीकर: चालतं की. हवा ओढली की टरफलाला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, ती आतली हवा, पण खरी गंमत व्हॉल्व्ह सोडल्यावर, बाहेरचा दाब पाणी त्या रिकाम्या जागेत ढकलतो. बी पूर्ण बुडालेलं पाहिजे मात्र. आणि मेलेलं बी याने जिवंत होत नाही हां.

भातवाला, शहापूर: घेवडा-चवळीला करू नका ताई, पाणी एकदम घुसलं की दाणा आतून तडकतो मग कुजतो. कारल्याचं टोक नेलकटरने हलकं कापून रात्रभर कोमट पाण्यात ठेवा, बास. आमचं भाताचं तर १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेलं फेकायचं, खालचं धुऊन सावलीत सुकवायचं, पंपबिंप काही नाही.

गच्चीवाली: ५ डब्यात, ५ नेलकटरने. सासूबाई डबा शोधायच्या आत करते :)