'टिकतील त्या टिकतील' म्हणणाऱ्यांना

पाटपाणी: 'सरकारने सहकारी संस्थांना भागभांडवल आणि थकहमी (कर्ज थकलं तर सरकार भरेल ही हमी) देणं बंद करावं, टिकतील त्या टिकतील,' असं जमाखर्च यांनी काल लिहिलं. वाचून झोप उडाली. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील शेअर्ससाठी गावोगाव फिरले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. तरीही सरकारी भांडवल नसतं तर चिमणी पेटली नसती. जिरायती माणसाच्या खिशात कारखाना उभारण्याइतका पैसा कुठल्या देशात असतो?

जमाखर्च: १९५० मला शिकवू नका. माझे वडील सभासद आहेत. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आमचं बिल आलं पुढच्या हंगामाचा बॉयलर पेटताना. थकहमी कारखान्याला, आणि सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज आम्हाला!

लेथवाला: उशिराचं म्हणाल तर आमच्या छोट्या वर्कशॉपचं ऐका. शाफ्ट करून दिले, माल पोचल्याच्या चलनावर सही झाली, पैसे पाच महिन्यांनी. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकराचं कलम ४३बी(एच) आलं: लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवलं नाही, तर गिऱ्हाईकाला त्या वर्षी करात त्या खर्चाची वजावट नाही. मी पेढे वाटले. मार्चमध्ये गिऱ्हाईकाचा फोन, 'लघुउद्योगाची ती उद्यम नोंदणी रद्द कर, म्हणजे ४५ दिवसांची कटकट नको, नाहीतर दुसरा बघतो.'

पाटपाणी: मग तक्रार करायची. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात उशिराच्या बिलावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे.

लेथवाला: तुम्ही कधी कुणाच्या गेटवर बिलासाठी उभे राहिलात का? व्याज मागणाऱ्याला पुढचं ड्रॉइंग कोण देतो? माझ्याकडे तीन पोरं कामाला आहेत, दहा तारखेला पगार लागतो.

जमाखर्च: हेच म्हणतोय मी! कायदे करायचे आणि अंमलबजावणी गरजवंताच्या गळ्यात घालायची.

पाटपाणी: तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही मदतच बंद करा म्हणत होतात. उद्या कारखाना बंद पडला तर वडिलांचा ऊस कोण नेणार? खाजगीवाला? भोवती दुसरा कारखाना नसला की तो काय भाव देतो, आमच्या तालुक्याने भोगलंय. ऊसतोडीसाठी पाय धरायला लावले लोकांना.

जमाखर्च: आवाज चढवू नका. बरं, थकहमी राहू दे. पण कर्ज उचललं की पहिली रक्कम थकलेल्या ऊसबिलांपोटी सभासदाच्या खात्यात, मग बाकीचं. एवढं लिहून घेणार असाल तर माझा विरोध मागे.

पाटपाणी: ही अट मला मान्य. कालच लिहिली असतीत तर भांडलो नसतो.

लेथवाला: आणि माझं? नोंदणी मी रद्द केली नाही. ऑर्डर गेली. एक लेथ दोन महिने ताडपत्रीखाली आहे.