मदत हवी आहे: माइल्सवालं कार्ड घ्यावं की झिरो फॉरेक्स?

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं म्युनिकला बहिणीकडे जातोय, तिथून पुढे ऑस्ट्रिया. त्यानिमित्ताने प्रवासाचं बरं क्रेडिट कार्ड घ्यायचंय. यूट्यूबवर जो तो 'फुकट बिझनेस क्लास'चं गाजर दाखवतोय, त्याने डोकं आणखीच फिरलंय.

विमानाची तिकिटं रुपयांत काढणार. तिकडे रेल्वे, हॉटेल, खाणं धरून दोनेक लाख होतील. एरवी आमचा प्रवास म्हणजे सणासुदीला पुणे-नागपूर. बिल दरमहा पूर्ण भरतो.

ॲक्सिस ॲटलसची फी वर्षाला ५,००० अधिक जीएसटी. खर्चावर मिळणारे माइल्स (म्हणजे पॉइंट्स) विमान कंपन्यांकडे वळवून त्यावर तिकिटं काढता येतात. पण परकीय चलनातल्या खर्चावर बँकेचा ३.५% मार्कअप (जादा आकार), त्यावर १८% जीएसटी, म्हणजे ४.१३%. दोन लाखांवर ८,२६० रुपये नुसते कापले जाणार! फेडरल बँकेच्या स्कॅपियाला फीही नाही आणि मार्कअपही नाही (हेच झिरो फॉरेक्स), पण बक्षीस म्हणून मिळणारी कॉइन्स त्यांच्याच ॲपवर खर्च करायची.

शाळांच्या सुट्टीत माइल्सवर चार सीट्स खरंच मिळतात का? लाउंजचा मोह मला नाही (बायकोचं मत वेगळं आहे).

प्रतिसाद १

मे महिन्यात, एकाच विमानात चार सीट्स? आशा सोडा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे त्यांच्या पॉइंट्सवर लुफ्थान्साच्या सीट्सही काढता येतात. पण गर्दीच्या दिवसांत त्या मोजक्याच सुटतात, आणि कर वगैरे खिशातूनच जातात. एकट्याने, तारखा मागेपुढे करून फिरणाऱ्याला माइल्स परवडतात. तुमच्यासारख्या वर्षातून एकदा बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने आधी मार्कअप वाचवावा. स्कॅपिया घ्या.

प्रतिसाद २

सहमत. एक मात्र लक्षात ठेवा: जर्मन रेल्वेची तिकिटं पुण्यात बसून काढलीत तरी पैसे युरोतच कापले जातात, तीही याच कार्डावर काढा. तिकडे मशीनने 'युरो की रुपये?' विचारलं तर डोळे झाकून युरो. रुपये निवडले की दर त्यांचा, आणि तो महागच असतो. नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, ते निघण्यापूर्वी ॲपमधून सुरू करा. थोडे रोख युरो जवळ असू द्या, छोट्या बेकऱ्यांत कार्ड चालेलच असं नाही. मात्र क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, यंदा झिरो फॉरेक्सच. आता नवी शंका: ऑस्ट्रियात भाड्याची गाडी घेतली तर डिपॉझिटची रक्कम कार्डावर ब्लॉक करतात म्हणे. नव्या कार्डाची लिमिट कमी मिळाली आणि ती त्यातच अडकली, तर हॉटेलचं काय? कुणी हे केलंय का?