ताल धरणारे भाऊ पुढे आले तेव्हा

सवडीचे प्रकल्प म्हणजे मुख्य बँडने नाकारलेल्या गाण्यांची अडगळ, हे मत ‘लान्झेंडॉर्फ’ (LNZNDRF) या बँडच्या २०१६ सालच्या पहिल्या अल्बमला लागू पडत नाही. ‘द नॅशनल’ या अमेरिकन रॉक बँडमध्ये ब्रायन डेव्हेंडॉर्फ ड्रम्स आणि त्याचा भाऊ स्कॉट बेस गिटार वाजवतो, तिथे गायकाच्या शब्दांना जागा करून देणे हेच त्यांचे मुख्य काम असते. इथे मात्र, ‘द नॅशनल’च्या दौऱ्यांत साथ करणाऱ्या बेन लान्झला सोबत घेऊन, त्यांनी सिनसिनाटीतल्या एका चर्चमध्ये मोजक्या दिवसांत उत्स्फूर्त वादन ध्वनिमुद्रित केले आणि त्यातूनच गाणी कातून काढली. बेसची एकच आवर्तने चालू असताना ड्रम्सचा जोर कणाकणाने वाढत जातो, ते हेडफोन लावून जरूर ऐकावे. शब्द मागे राहतात, याची मला अजिबात खंत वाटत नाही.