अनुभव धागा: कैकेयी तुम्हाला कुठे भेटली?

कैकेयी स्वतःच बोलते अशी एक कादंबरी परवा वाचून संपवली आणि आजी आठवली. भाजणी दळताना ती जात्याच्या खुंट्याच्या भोकात बोट घालून दाखवायची, "रथाची खीळ निघाली तेव्हा हिने असं बोट घातलं, म्हणून दशरथ वाचला." वरांची गोष्ट आली की मात्र तीच आजी "मेली कैकेयी" म्हणायची. तुमच्याकडे काय ऐकलंत? मोकळेपणाने लिहा.

---

माझं लग्न बिजवराशी झालं, तेव्हा मुलगी सहा वर्षांची. खोकला होता म्हणून तिला बर्फाचा गोळा घेऊ दिला नाही, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी कैकेयीच!" तीच लेक आता कॉलेजात आहे. कादंबरी तिनेही वाचली. रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला म्हणायचे ना असं?" एवढी वर्षं तिला ऐकू येत होतं.

---

आमच्या गावात कौसल्या, सुमित्रा घरोघर. कैकेयी एकही नाही.

---

कादंबरीकाराने पदरचं घातलंय असं वाटून मी वाल्मीकी रामायणाचं भाषांतर काढलं. अयोध्याकांडात मंथरा अभिषेकाची बातमी आणते तेव्हा कैकेयी आनंदाने तिला दागिना देते. राम आणि भरत मला सारखेच, म्हणते. पुढे राम स्वतः भरताला सांगतो की लग्नाच्या वेळीच दशरथाने तिच्या वडिलांना, अश्वपतीला, राज्यशुल्काचा शब्द दिला होता. म्हणजे तिच्या मुलाला राज्य हे आधीच ठरलेलं! आणि अभिषेक ठरतो तो भरत आजोळी असताना. सर्वांत लागलं ते दशरथाच्या सारथ्याचं, सुमंत्राचं बोलणं. तो सगळ्यांदेखत तिची आई काढतो. अश्वपतीला प्राण्यांची भाषा कळायची, पण ऐकलेलं सांगितलं तर मरण. बायकोने हट्ट धरला म्हणून त्याने तिला घालवून दिलं. जिच्या आईला असं घालवून दिलं, तिला आईवरूनच टोमणा! मी पुस्तक मिटून ठेवलं.

---

मला मात्र कादंबरीत तिला इतकं निर्दोष ठरवणं पटलं नाही. राज्य मागितलं, ठीक. पण 14 वर्षांचा वनवास कशाला? वल्कलंसुद्धा तिने स्वतः आणून दिली, हेही वाल्मीकीच सांगतात. ती वल्कलं हातात घेतलेली कैकेयी मला वाचायची होती.

---

आईला आता दिसत नाही. रोज दहा पानं वाचून दाखवते. काल वल्कलांपाशी आल्यावर तिने माझा हात धरला, "आज इथेच थांब."